राणीसाचं मनगट

प्रत्येक संस्कृती कुठल्या ना कुठल्या मापावर उभी असते. कुणी राजाच्या पावलाने जमीन मोजली, कुणी हाताने कापड मोजलं, कुणी मुठीने धान्य. आजच्या भारताचं माप देवेंद्र खळदकर यांचं डावं मनगट होतं. आणि बुधवारी सकाळी ते मालवीय नगरातल्या एका कार्यालयाच्या टेबलावर, कांद्याच्या कचोरीच्या तेलकट कागदाशेजारी, उताणं पडलं होतं. मनगटाला खाज सुटली होती.

"काका, हलू नका ना," राजस म्हणाला.

राजस पुण्याचा. डिझाइन शिकलेला. केसांचा छोटा बुचडा बांधायचा आणि कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिचा वास घ्यायचा. खळदकरांना 'काका' म्हणणारा कार्यालयातला तो एकटाच, कारण बाकीचे सगळे हिंदीत आदर देत. त्याने खळदकरांच्या मनगटावर घड्याळाचा नमुना बांधला, सोडला, पुन्हा बांधला आणि नाखूश चेहऱ्याने लॅपटॉपकडे पाहिलं.

खळदकरांच्या हाताशेजारी आणखी एक हात ठेवला होता. कोपरापर्यंतच होता. गोरा, निमुळता, एकही केस नसलेला.

"हे काय?"

"हँड मॉडेल. तैवानहून मागवलंय. सिलिकॉन. टच करून बघा, अगदी स्किनसारखं लागतं."

खळदकरांनी उजव्या हाताचं बोट लावून पाहिलं. तो हात थंड होता, गुळगुळीत होता आणि त्याला कधीही खाज सुटणार नव्हती.

"कशाला मागवलंय?"

"काका, पर्सनली घेऊ नका. पण तुमचं मनगट बदलतं. सकाळी एक, संध्याकाळी एक. लोणचं खाल्लंत की सुजतं. परवाचं रीडिंग बघा, काय आलंय."

"परवा सोगानीजींच्या पुतण्याचं लग्न होतं. तूही जेवलास की."

"मी जेवलो. पण माझ्या मनगटावर कंपनी चालत नाही ना!"

हे मात्र खरं होतं. कंपनी खळदकरांच्या मनगटावर चालत होती.

कंपनीचं नाव 'कलाई'. मालक निर्मल सोगानी. त्यांचं घराणं चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरात, पिढ्यान् पिढ्या माणकं-पाचू विकत आलेलं. निर्मलजींना त्याचा कंटाळा आला आणि त्यांनी स्मार्ट घड्याळं काढली. खळदकरांना त्यांनी ठेवलं ते चहा, टोनर, एसीची दुरुस्ती आणि पाण्याचे जार बघायला. पदाचं नाव 'ॲडमिन एक्झिक्युटिव्ह' होतं, म्हणजे वीज गेली की सगळे ज्याच्याकडे बघतात तो. मग एके दिवशी कारखान्यातून पहिला नमुना आला. सोगानीजींच्या मनगटाला तो पुरेना. इंजिनिअरच्या मनगटावरून तो घरंगळला. तेवढ्यात खळदकर एसीचा रिमोट शोधत आत आले. सोगानीजींनी सहज त्यांचा हात ओढला, घड्याळ बांधलं आणि मग खड्याकडे बघतात तसं, मान वाकडी करून, बराच वेळ बघत राहिले.

"देवेंद्रजी," ते हळूच म्हणाले, "आप तो एकदम एवरेज हैं!"

आयुष्यात पन्नाशीपर्यंत हे अनेकांनी सुचवलं होतं. इतक्या आदराने कुणी म्हटलं नव्हतं.

पुढे सिद्धच झालं. खळदकर गोरे नव्हते आणि काळेही नव्हते. हातावर केस होते, पण दिव्याला अडचण होईल इतके नव्हते. मनगटाच्या कडेला एक तीळ होता, तोही बेताचा. घाम बेताचा यायचा. नाडी सरकारी कार्यालयासारखी संथ आणि नियमित. घड्याळाच्या पोटातला हिरवा दिवा माणसाचं रक्त कसं वाचायचं ते खळदकरांच्या कातडीवर शिकला. घड्याळ घालून ते झोपले, आंघोळीला गेले, गोविंददेवजींच्या आरतीत टाळ्या वाजवून आले. नवा पट्टा आधी त्यांना चावायचा, मग बाजारात जायचा. सोगानीजी व्यापाऱ्यांना ठासून सांगत, "देवेंद्रजी को फिट, तो पूरे इंडिया को फिट."

याचं खळदकरांना काय वाटायचं? तर सांगायला हवं की ते मूळचे मिरजेचे. बायको स्वप्ना वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक. तिला जयपूरला नोकरी लागली तेव्हा ते मिरजेतली पतपेढीतली नोकरी सोडून तिच्यामागे आले. आता ती विभागप्रमुख होती. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत त्यांची ओळख 'हे स्वप्ना मॅडमचे मिस्टर' अशी करून दिली जाई आणि ते हात जोडत. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे, आणि चांगलंही वाटत नसे. मनगट सापडल्यापासून मात्र ते हात जोडून झाल्यावर पुढे म्हणत, "मी वेअरेबल्समध्ये आहे." समोरचा "अच्छा" म्हणे. तेवढं पुरे होतं.

आणि आता टेबलावर तैवानचा हात होता.

सोगानीजी आत आले, दोन्ही हातांकडे आलटून पालटून पाहिलं आणि खरा कोणता हे ओळखल्यावर त्याच्यावर थोपटलं. "बुरा मत मानिए, देवेंद्रजी. सोमवार को राणीसा का साँचा फाइनल करना है. राजस कहता है, ये हाथ सूजता नहीं. छुट्टी भी नहीं माँगता."

"छुट्टी मैंने भी कभी नहीं माँगी, सर."

"वही तो. आपको भी आराम मिलेगा."

खळदकरांना आराम नको होता. आराम म्हणजे टोनर आणि पाण्याचे जार.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी राणीसाचा नमुना तैवानच्या हाताला बांधला. राणीसा म्हणजे कंपनीचं पहिलं खास बायकांचं स्मार्ट घड्याळ: गुलाबीसर सोनेरी, कडेला मीनाकारीची वेलबुट्टी, बाजूला मंदिराच्या कळसासारखं एक बटण. हिरवा दिवा लुकलुकला. घड्याळाने क्षणभर विचार केला आणि सांगितलं की नाडी ठीक आहे, मन शांत आहे, मात्र बराच वेळ एका जागी बसला आहात, उठून थोडं चाला.

खळदकर तो हात तसाच उचलून सोगानीजींच्या केबिनमध्ये गेले.

"सर, ये देखिए. रबर का हाथ है और घड़ी कहती है तबीयत अच्छी है."

सोगानीजींनी चष्मा लावून वाचलं. पण पिढीजात व्यापारी तो. त्यांचा चेहरा उजळला. "मतलब हमारी घड़ी किसी को डराती नहीं. बढ़िया है!"

डाव फसला होता. राजस दारातून बघत होता. खळदकरांनी इतकी वर्षं कंपनीला मनगट दिलं होतं, मत कधी दिलं नव्हतं. मनगटाला मत नसतं हीच त्याची किंमत होती. पण आता दुसरं काही देण्यासारखं उरलं नव्हतं.

"सर, राणीसा औरतों के लिए है. औरतें चूड़ियाँ पहनती हैं. चूड़ी पहनके आटा गूँधती हैं, रोटी बेलती हैं. ये हाथ बेलेगा क्या?"

"तो?"

"मैं बेलूँगा. चूड़ियाँ पहनके."

केबिनमध्ये एसीचा आवाज तेवढा राहिला. तोही खळदकरांनीच दुरुस्त करून घेतलेला.

"काका, तुम्ही?" राजस म्हणाला.

"मनगट माझं आहे. बांगड्या काय, विकत मिळतात."

कार्यालयात बायका नव्हत्या असं नाही. चांगल्या आठ-दहा होत्या. त्यांना पट्ट्याचा रंग विचारण्यात आला होता.

"सोमवार तक," सोगानीजी म्हणाले.

*

शुक्रवारी कार्यालय सुटल्यावर खळदकर ई-रिक्षाने मनिहारांच्या, म्हणजे कासारांच्या, रस्त्यावर गेले. तिथे लाखेच्या बांगड्या डोळ्यांदेखत करून देतात. दुकानं म्हणजे कपाटं. आत एक शेगडी, एक बाई आणि भिंतभर रंग. खळदकर ज्या दुकानासमोर उभे राहिले तिथल्या नसीम आपा लाखेची तापलेली कांडी पाटावर लाटत होत्या. समोर कुठल्याशा नवरीकडच्या चार बायका बसलेल्या. त्यांनी सरकून जागा करून दिली.

"भाभी के लिए?" नसीम आपांनी वर न बघता विचारलं.

"नहीं. कंपनी के लिए."

आता त्यांनी वर पाहिलं. "नाप लाए हो?"

खळदकरांनी डावा हात पुढे केला. तो पुढे करण्याची पद्धत अशी होती की एखाद्याला वाटावं, इथे शिक्का मारायचा आहे.

आपांनी हात दाबून पाहिला, अंगठ्याचं हाड आत ढकललं, बोटं आवळली. एवढ्या वर्षांत किती तज्ज्ञांनी तो हात पाहिला होता, पण असा हिशेबाने कुणी पिळला नव्हता.

"भाईजान, इस नाप की औरत तो मैंने जयपुर में नहीं देखी. कौन है? पहलवान है?"

नवरीकडच्या बायका पदर तोंडात धरून हसल्या.

"ये स्टँडर्ड नाप है," खळदकर शांतपणे म्हणाले. "पूरे इंडिया का."

"हाय अल्लाह, इंडिया इतना मोटा हो गया?" आपा म्हणाल्या आणि कामाला लागल्या. लाखेचं कडं निमुळत्या लाकडी दांड्यावर सरकवत सरकवत त्यांनी ते जवळजवळ बुडापर्यंत नेलं. "इससे आगे लकड़ी खतम है," असं त्या दुसऱ्या बांगडीला म्हणाल्या. रंग कोणता हवा विचारलं तेव्हा खळदकर गोंधळले. रंगाचा विचार त्यांच्या खात्याकडे नव्हता. नवरीच्या मावशीने लाल-हिरव्या लहरियाच्या, म्हणजे नागमोडी रेघांच्या, निवडून दिल्या. बांगड्या हातात चढल्या तेव्हा अजून कोमट होत्या. खळदकरांनी हात वर केला, खाली केला, कान देऊन ऐकलं.

"अच्छी लग रही है," मावशी म्हणाली. तिने थट्टा केली नव्हती.

खळदकर त्या घालूनच परत निघाले. ई-रिक्षातल्या शेजाऱ्याने आधी बांगड्यांकडे, मग त्यांच्या मिशीकडे पाहिलं आणि पुढच्या चौकात उतरून गेला. त्याला तिथेच उतरायचं असेल, असं खळदकरांनी गृहीत धरलं.

*

शनिवारी स्वप्नाबाईंच्या विभागात चर्चासत्र होतं. त्या सकाळीच गेल्या. घरी, म्हणजे आदर्श नगरातल्या पहिल्या मजल्यावर, खळदकर आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी शमिका. शमिका उठून स्वयंपाकघरात आली तेव्हा बाबा परातीसमोर उभे होते. एका हातात लाल-हिरव्या बांगड्या, त्यांच्या खाली मनगटाशी राणीसा, कोपरापर्यंत कणीक.

"बाबा," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "मतलब... हे काय आहे?"

"ऑफिसचं काम."

"ओके. चाय आहे?"

ही पिढी फार प्रश्न विचारत नाही, हे एका अर्थी बरंच आहे. ती चहा घेऊन आपल्या खोलीत गेली आणि कानात काहीतरी घालून बसली.

खळदकरांनी कणीक मळली. पोळ्या लाटल्या. कपडे पिळले. कुकर लावला. डाव्या हाताने डबे वरच्या फळीवर चढवले. पहिल्यांदाच मनगटाला पूर्ण दिवसाचं काम मिळालं होतं. आणि त्यांच्या लक्षात आलं की हात खाली झुकला की बांगड्या ओळीने घसरत येतात आणि शेवटच्या बांगडीचा धक्का नेमका त्या कळसाच्या बटणाला बसतो. कणीक मळताना तर ती बटण दाबूनच धरते.

ते बटण दाबून धरलं की काय होतं, हे त्यांना माहीत होतं. फक्त त्या क्षणी आठवलं नाही. राणीसाची ती खासियत होती: बाई संकटात असली तर तिने बटण दाबून धरायचं, की घरच्या माणसाला फोन आणि संदेश. नमुन्यात अजून भोंगा बसवलेला नव्हता, त्यामुळे घड्याळ गुपचूप ओरडत होतं. घरचं माणूस म्हणून खळदकरांनी स्वप्नाबाईंचा नंबर घातला होता. त्यांचा स्वतःचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता, आणि कुकर शिट्ट्या देत होता.

स्वप्नाबाई धापा टाकत दारात आल्या तेव्हा ते सातवी-आठवी पोळी लाटत होते. स्वप्नाबाईंच्या छातीवर चर्चासत्राचा बिल्ला तसाच होता. हातात एक चप्पल होती; दुसरी बहुधा जिन्यात.

"अहो!"

"आलीस? लवकर संपलं?"

त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. खळदकरांना त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बांगड्या पाहिल्या. मग पुन्हा वरपासून.

"मी मंचावर होते," त्या म्हणाल्या. "शेजारी डीन होते. फोनवर आलं, 'देवेंद्र संकटात आहेत.' मी फोन लावला, तुम्ही उचलत नाही. परत आलं, 'देवेंद्र संकटात आहेत.' शमिका उचलत नाही. परत आलं. डीन म्हणाले, मॅडम, कौन देवेंद्र? अहो, मी सगळं टाकून रिक्षा केली! रिक्षात देवाला काय काय बोलले, तुम्हाला माहितीये?"

"काय?"

"साखर सोडते म्हटलं."

खळदकरांनी लाटणं खाली ठेवलं. साखरेशिवाय स्वप्नाबाईंनी आमटीसुद्धा कधी खाल्ली नव्हती.

"मग आता?"

"आता काय? तुम्ही धडधाकट आहात. बांगड्या भरून उभे आहात. सोडावी लागणार!" असं म्हणून त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी येता येता हसू आलं, आणि या दोन्हींचा त्यांना राग आला. "कशासाठी चाललंय हे? सांगा. पन्नाशी उलटल्यावर कशासाठी?"

खळदकरांनी सांगितलं. तैवानचा हात, सोमवार, साचा. शेवटी म्हणाले, "त्या रबराच्या हाताला काय, कुठेही ठेवा. माझं तसं नाही. तुझं कॉलेज आहे, विद्यार्थी आहेत, कसल्या कसल्या पानांना तुझं नाव आहे. माझं आपलं हे एवढंच आहे." आणि हात वर केला. बांगड्या वाजल्या.

एका पानाला खरोखरच स्वप्नाबाईंचं नाव होतं. घाटातल्या कुठल्या तरी गवताच्या. मग त्यांनी नवऱ्याचा हात धरून बांगड्या मागे सारल्या. मनगटावर लाल वळ उठले होते.

"तेल लावा रात्री," त्या म्हणाल्या. मग फोन काढून ओट्यावर, पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. "हं. लाटा परत. मला बघू दे केव्हा वाजतो ते."

त्या दुपारी खळदकरांच्या घरी इतक्या पोळ्या झाल्या की संध्याकाळी सगळ्या मजल्यांवर वाटाव्या लागल्या.

*

सोमवारी मीटिंगच्या टेबलावर परात होती. खळदकरांनी घरून आणली होती, कणकेसकट. एका बाजूला राजस आणि तैवानचा हात, दुसऱ्या बाजूला खळदकर आणि त्यांचा हात, मध्ये सोगानीजी, एखाद्या कुस्तीच्या पंचासारखे.

"पहले राजस," सोगानीजी म्हणाले.

राजसने तैवानच्या हातात दोन बांगड्या घातल्या, राणीसा बांधलं आणि फोटो काढावा तसा तो हात टेबलावर उभा केला. सुंदर दिसत होता, ते मान्य केलं पाहिजे. "सर, बटन साइड में ही चाहिए. घड़ी का वो हेरिटेज है. वहाँ से हटाया तो पूरी डिझाइन लँग्वेज जाती है."

"आटा गूँधो," सोगानीजी म्हणाले.

"सर?"

"गूँधो भाई. देवेंद्रजी ने कहा है ना."

राजसने तो हात कोपराकडून धरला आणि परातीत दाबला. सिलिकॉनची बोटं कणकेत गेली आणि तिथेच राहिली. राजसने ओढला, तसा हात कणीक घेऊन वर आला आणि परात टेबलावरून अर्धी सरकली. घड्याळाने हालचालीबद्दल हाताचं अभिनंदन केलं.

मग खळदकर उठले. त्यांनी बाह्या सारल्या, बांगड्या सरळ केल्या. हात झुकला, बांगड्या ओळीने घसरल्या, शेवटची बटणाला टेकली. त्यांनी मळायला सुरुवात केली. कणकेचा आणि लाखेचा तेवढा आवाज.

सोगानीजींसमोर ठेवलेला खळदकरांचा फोन वाजला. सोगानीजींनी उचलून स्पीकरवर टाकला.

"सोगानीजी नमस्कार, डॉक्टर स्वप्ना खळदकर बोल रही हूँ. मेरे पति संकट में हैं, मुझे मालूम है. शनिवार से कई बार मालूम हुआ है. मैंने शक्कर छोड़ दी है, और अब छोड़ने को कुछ बचा नहीं है. बटन हटवा दीजिए. मेरा लेक्चर है." फोन बंद झाला.

सोगानीजी विचारात पडले. त्यांच्या घरात, त्यांनी सांगितलं नाही तरी सगळ्यांना ठाऊक होतं, आई, बायको, दोन सुना आणि एक विधवा आत्या होती. सगळ्यांच्या हातांत बांगड्या. सगळ्यांच्या घरच्या माणसाचा नंबर एकच असणार होता.

"बटन हटाओ," ते म्हणाले.

"कहाँ, सर?"

सोगानीजींनी खळदकरांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मनगटाच्या वर पाहिलं होतं.

"नीचे की तरफ," खळदकर म्हणाले. "जहाँ पट्टा जुड़ता है, उस खाँचे में. वहाँ चूड़ी नहीं पहुँचती. मैंने बेलके देखा है."

राजसने लॅपटॉपवर बटण खाली ओढलं. घड्याळ फिरवून फिरवून पाहिलं. मग त्याचा चेहरा बदलला. "काका," तो म्हणाला, "हे भारी दिसतंय राव." पुण्याच्या माणसाकडून यापेक्षा जास्त मिळत नाही, हे मिरजेच्या माणसाला माहीत असतं.

"साँचा देवेंद्रजी के हाथ पर बनेगा," सोगानीजींनी जाहीर केलं. "हमेशा की तरह."

तैवानचा हात त्यानंतर काही दिवस स्वागतकक्षात किल्ल्या धरून उभा होता.

*

राणीसाचं उद्घाटन थाटात झालं. राजसने व्यासपीठावर पाठीमागच्या पडद्यावर बांगड्या, परात आणि बटण दाखवलं आणि 'चूडी-फर्स्ट डिझाइन' असा शब्द वापरला, ज्याला टाळ्या पडल्या. हे घड्याळ भारतीय स्त्रीच्या रोजच्या आयुष्यातून जन्मलेलं आहे, असंही तो म्हणाला. खळदकर मागच्या रांगेत पाण्याच्या बाटल्यांशेजारी उभे होते, कारण बाटल्या त्यांनीच मागवल्या होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. शब्द नसेल, पण बटण त्यांचं होतं.

जाहिरातीच्या फोटोसाठी मुंबईहून एक मॉडेल येणार होती. आली, पण नमुना तिच्या हातावर नीट बसेना. फोटोग्राफर वैतागला. शेवटी खळदकरांचा हात साफ करून घेतला, नखं रंगवली, लहरियाच्या त्याच बांगड्या चढवल्या आणि फोटो काढला. तो जवाहरलाल नेहरू मार्गावर भल्यामोठ्या फलकावर लागला. खाली लिहिलं होतं: हर नारी की कलाई पर.

शमिका मैत्रिणींबरोबर स्कूटीवरून जात होती, ती कच्चकन थांबली. तिने घरी फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "बाबा हा तुझा तीळ आहे ना??"

रविवारी तिघं फलक बघायला गेले. तीळ बशीएवढा दिसत होता. येणारे-जाणारे वर बघत होते. एक बाई रिक्षातून मान बाहेर काढून नवऱ्याला म्हणाली, "हाथ कितना सुंदर है ना." खळदकरांनी त्या वेळी डावा हात खिशात घातलेला होता. तो त्यांनी बाहेर काढला नाही. स्वप्नाबाईंनी मात्र त्यांच्या कोपरात हात घातला, जो त्या रस्त्यात सहसा घालत नसत.

कंपनीने खळदकरांना राणीसाचा पहिला नग भेट दिला. सोगानीजींनी स्वतः मखमलीच्या डबीत घालून दिला, "भाभीजी के लिए. उन्हीं के फोन से बटन हटा." त्या संध्याकाळी शमिकाने मोबाइल रोखून धरला. स्वप्नाबाईंनी बिनसाखरेचा चहा बाजूला ठेवला, हात पुढे केला. खळदकरांनी सराईतपणे पट्टा ओवला, ओढला, शेवटच्या भोकात अडकवला.

स्वप्नाबाईंनी कप उचलला. राणीसा मनगटावरून निघालं आणि मीनाकारी, हिरवा दिवा, खाली सरकवलेलं बटण, सगळ्यासकट त्यांच्या कोपराशी जाऊन थांबलं.

"अजून एक भोक पाडता येईल," खळदकर म्हणाले.

"किती पाडाल?" स्वप्नाबाईंनी विचारलं. रागाने नाही.

शमिकाने मोबाइल खाली केला. "मला दे," ती म्हणाली आणि घालून पाहिलं. तिच्या हातातून ते सरळ जमिनीवर पडलं. काही झालं नाही. पडण्याची चाचणीही खळदकरांनीच घेतलेली होती.

दुसऱ्या दिवसापासून राणीसा खळदकर वापरतात. त्यांना ते अगदी बरोबर बसतं.